चांगुणाचं ताट

वरवंड
६ जानेवारी २००३

चि. म्हाळू यास मच्छिंद्रदाजीचे आशीर्वाद.

इकडं देवाच्या कृपेनं ठीक आहे. थंडी चांगली पडली, गहू पोटरीत आला आहे. पोरांपैकी नवनाथ कुरकुंभच्या कंपनीत कायम झाला. रोहन अजून ठेकेदाराच्या हाताखालीच आहे. माझ्या बॉयलरला नवा साहेब आला, तोही जाईल. तुझ्या घरी सौ. सीमा आणि लेकरं खुशाल असतील.

पत्राचं कारण तुला सांगायला नको. तुझी बहीण भाऊबीजेला शिरूरला आली ती तिकडंच राहिली. पंधरा दिवसांत बरी करून आणून घालतो म्हणाला होतास. आता संक्रांत तोंडावर आली.

चांगुणा दमते हे मला मान्य आहे. दुपारी भिंतीला टेकली की तिचा डोळा लागायचा, पोट फुगायचं, खाल्लेलं वर यायचं. पण मी हात बांधून बसलो नव्हतो. दौंडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला, लोहाच्या बाटल्या दिल्या. मी देवाचा अंगारा लावला. काही सापडलं नाही, आणि उतारही पडला नाही. तेवढ्यात तू आलास आणि ओसरीवर बसून म्हणालास, ‘दाजी, दोष खाण्यात हाय.’

दोष माझ्या घरच्या खाण्यात! बाजरी शेतातली, दूध गोठ्यातलं, तेल डोळ्यांदेखत काढून आणलेलं. तू पुण्याला कुठल्याशा शिबिराला जाऊन आलास आणि तेव्हापासून ते मॅक्रोबायोटिक, म्हणजे जपानी लोकांचं पथ्याचं खाणं, तुझ्या अंगात आलं. हातसडीचा तांदूळ, जव, वाफवलेला भोपळा, भाजलेल्या तिळाचं मीठ, आंबवलेल्या सोयाबीनचं काळं पाणी, वर समुद्रातलं शेवाळ. दूध नको, साखर नको, चहा नको. एकेक घास तोंडात पाणी होईपर्यंत चावायचा. आमची म्हैस जन्मभर हेच करत आली, तिनं कुठलं शिबिर केलेलं नाही.

इकडची दशा ऐक. घरात आम्ही तिघं बाप-लेक कामाला, तिघांच्या तीन पाळ्या, आणि त्याही दर आठवड्याला बदलणाऱ्या. एकाला पहाटे डबा लागतो, एकाला दुपारी, एकाला रात्री. चांगुणा होती तोवर कुणाचा डबा चुकला नाही, की कुणाला गार भाकरी गेली नाही. आणि स्वतः कशी, तर पातेल्यात राहिलेलं पातेल्यातच खाणार, तेवढंच एक भांडं कमी घासायला पडतं म्हणून. अशी काटकसरीनं वागणारी बाई तू शेवाळ चारून बिघडवतो आहेस.

सध्या शेजारच्या भामाबाई भाकरी थापून देतात. त्यांचे उपकार किती दिवस घ्यायचे? पारावर गेलो की गेणबा चारचौघांत विचारतो, ‘मच्छिंद्र, वहिनी जपानला गेल्या म्हनं?’ लोक हसतात. मलाही त्यांच्याबरोबर हसावं लागतं.

संक्रांतीला सवाष्ण आपल्या घरी असावी. तिला त्याआधी आणून घाल. नाहीतर मला यावं लागेल, आणि मी आलो तर पाहुण्यासारखा येणार नाही.

तुझा दाजी,
मच्छिंद्र


वरवंड
२० जानेवारी २००३

श्री. म्हाळू यांस,

यापुढं तुम्हाला अरे-तुरे करणार नाही. ते नात्यातल्या माणसाला करतात.

काल चौफुल्याहून एसटी पकडून, न्हावऱ्याच्या खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करून घेत तुमच्या दारात आलो, तेव्हा तुम्ही जेवायला बसला होतात. माझी बायको तुमच्या शेजारी, पुरुषाच्या पंगतीला बसली होती. सीमाबाई वाढत होत्या. मला पाहून चांगुणा उठायला गेली, तर तुम्ही तिला खाली बसवलंत आणि म्हणालात, ‘ताई, आधी घास संपव.’ दारात नवरा उभा आणि ती घास चावते आहे. मान खाली होती, पण घाई नव्हती. तुमच्या वडिलांच्या वेळी असं झालं असतं का, याचा विचार करावा.

तब्येत सुधारली आहे हे मी नाकारत नाही. खोटं बोलणं माझ्याच्यानं होत नाही. गाल भरले आहेत. ढेकर नाही, पोटावर हात नाही. नळावरून घागर आणली ती मध्ये कुठं न टेकता आणली. पण माहेरी कुठल्याही बाईचे गाल भरतात. त्यासाठी जपान कशाला पाहिजे?

मग तुम्ही मला बसवून यिन आणि यांग, म्हणजे अन्नाच्या दोन बाजू, शिकवलंत. कांदा कुठल्या बाजूचा आणि मीठ कुठल्या बाजूचं. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, पण समोरचा माणूस शिकवतो आहे की खाली पाडतो आहे, एवढं मला समजतं. तुमचा तो करडा भात मी चावला. माझी दाढ अजून दुखते आहे. तुमच्या देव्हाऱ्यातला दिवा मात्र कोरडा होता, त्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, पिशवी भर, शेवटची गाडी गाठायची आहे.

ती म्हणाली, ‘यीन की. पर तिकडं ह्ये कसं जमायचं?’

मी म्हणालो, न जमायला काय झालं, हातसडीच्या तांदळाचं पोतं आणून टाकतो, शेवाळसुद्धा मागवतो.

‘तांदळाचं न्हाई म्हनत मी,’ ती म्हणाली. ‘बसायचं म्हनते.’

तुम्ही हे तिला पढवून ठेवलं होतं हे मला तेव्हाच कळलं. सीमाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या, तेही मी पाहिलं. बसायला माझ्या घरी जागा नाही का? ओसरी आहे, दाराला कट्टा आहे, टीव्हीपुढं सतरंजी आहे. तिला कुणी कधी ऊठ म्हणालं नाही. माझा हात तिच्यावर पडला असेल तर तिनं देवाची शपथ घेऊन सांगावं. एवढ्या वर्षांत मी दारूला शिवलो नाही. आणि अशा घरात बसायला मिळत नाही म्हणून चारचौघांत सांगायचं?

मी पाणी न पिता निघालो, ते तुम्ही पाहिलंत. पुन्हा तुमच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही. बहीण ठेवून घ्यायची असेल तर तसं स्पष्ट कळवा.

मच्छिंद्र


वरवंड
३ फेब्रुवारी २००३

म्हाळू,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ: ‘ताईचं लग्नातलं ताट पाठवून द्यावं, ती मागते आहे.’

आपल्यात बाईच्या लग्नातलं भांडं माहेर कधी परत मागतं, हे तुला ठाऊक नाही असं नाही. गेणबाच्या थोरल्या सुनेची फारकत झाली तेव्हा तिच्या भावानं टेम्पो आणून हंडा, कळशी, ताट, वाट्या, सगळं गावादेखत भरून नेलं होतं. तू त्या दिवशी इथंच होतास. तेव्हा मला कळायचं ते कळलं. कार्ड पोस्टमननं वाचलेलं होतं, त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं.

मी ठरवलं, ताट गोणपाटात बांधून तुझ्या दारात आपटायचं. आपटल्याचा आवाज तुझ्या गल्लीला ऐकू गेला पाहिजे.

मग ते शोधायला लागलो. मांडणीत नव्हतं. तिथं माझं आहे, पोरांची आहेत, पाहुण्यांची आहेत. चुलीजवळ नव्हतं. शेवटी स्टुलावर चढलो तेव्हा वरच्या फळीला, मोठ्या पातेल्यांच्या मागं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं मिळालं. काठावर कोरलेलं, ‘चि. सौ. कां. चांगुणा हिस, बंधू म्हाळूकडून.’ पालथं केलं तर दौंडच्या भांडेवाल्याच्या दुकानाचा गोल तांबडा कागद अजून चिकटलेला. पुन्हा सुलटं केलं. माझ्या ताटाची मधली जागा भाकरी चुरून चुरून पांढरी पडली आहे. याच्यावर एक रेघ नाही.

मी तिथंच स्टुलावर बसून आठवत राहिलो, ती कशात जेवते. पातेल्यात म्हणून मीच तुला लिहिलं होतं, पण पाहिल्याचं आठवेना. घरात एवढी वर्षं काढलेल्या बाईचं जेवताना तोंड कसं दिसतं, ते मी पहिल्यांदा तुझ्या घरी पाहिलं. हे तुला सांगायचं माझ्या मनात नव्हतं. लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

भामाबाई भाकरी घेऊन आल्या. त्यांना विचारलं, चांगुणा जेवायची कशात हो?

त्या म्हणाल्या, ‘कशात ते मागनं. जेवायची कवा, ते इचारा आधी.’

आणि हसत हसत गेल्या. त्यांना वाटलं, मी मस्करी करतो आहे.

दुसऱ्या दिवशी देवाला नैवेद्य दाखवताना ताटाभोवती पाणी फिरवलं आणि हात तिथंच राहिला. देव काही उठून जेवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी रोज त्याच्यासाठी थोडा वेळ डोळे मिटून थांबतो. पाळीची गाडी चुकली तरी थांबतो. असो. हा माझा आणि देवाचा प्रश्न आहे, त्यात तुझं काम नाही.

आता तू जिंकल्यासारखा हसू नकोस. तुझ्या त्या करड्या तांदळानं ती बरी झाली नाही, शेवाळानं तर नाहीच नाही. मला आता पक्कं कळलं आहे, तुझ्या सगळ्या शिबिरात खरं औषध एकच होतं, आणि ते तुला देता येतं हेसुद्धा तुला माहीत नव्हतं. घास सावकाश चावायचा असेल तर माणसाला खाली बसावं लागतं. बसलं तर कुणाला तरी वाढावं लागतं. यिन-यांग बाजूला ठेव आणि सीमाच्या पाया पड. तिनं वाढलं म्हणून हे झालं. तू शेजारी बसून नुसता चावत होतास.

मी अजून तुझ्यावर रागावलेला आहे, आणि तो राग जाईल असं वाटत नाही. बहिणीला काय होतंय हे तुलाही दिसलं नाही. यंदाची सोडून दर भाऊबीजेला तू इथं येऊन ओवाळून घ्यायचास, पाटावर बसून जेवायचास आणि ती चुलीपुढून तव्यावरची तुझ्या ताटात टाकायची. नंतर ती कशात जेवली, हे तू कधी मागं वळून पाहिलंस का? ताट तर तूच दिलं होतंस.

नवनाथ आणि रोहननं कॅन्टीनला नाव घातलं आहे. कुरकुर केली, पण घातलं. मी माझा डबा माझ्या हातानं भरतो. भात खाली लागतो, वर कच्चा राहतो. तुझ्या शिबिरात कदाचित त्यालाही काही नाव असेल.

रविवारी मी शिरूरला येतो आहे. तुझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हणालो होतो, तो शब्द पाळीन. स्टँडवर थांबेन. तिला यायचं असेल तर येईल, नसेल तर मी शेवटच्या गाडीनं परत जाईन. तू तिला आणून सोडू नकोस, आणि अडवूही नकोस. ताट तिनं फारकतीला मागितलं की जेवायला, हे तुझ्या ओळीत नव्हतं. तूही आता लिहून कळवू नकोस. मी तिलाच विचारीन.

ताट पाठवत नाही. गोणपाट पुन्हा माळ्यावर टाकलं. ताट आता मांडणीत माझ्या ताटाशेजारी उभं आहे. खालचा कागद मी काढलेला नाही. रोज जेवून रोज घासलं गेलं तर तो आपोआप निघेल.

तुझा दाजी म्हणून सही करावी की नाही, हे आज माझ्या हातात नाही. ती रविवारी ठरवील. तोवर नुसता

मच्छिंद्र