शेखरदादांचा टिपेचा सल्ला आणि कोफूची मॅनेजरबाई

चांदवड, शनिवार

तीर्थरूप शेखरदादांना धनराजचा वाकून नमस्कार (कंबर जपानहून आल्यापासून वाकलेलीच आहे). नाशिक रोडला वहिनी, मुलं मजेत असतील, तुमची शुगर आटोक्यात असेल, असं धरून चालतो. पत्र शेजारच्या अमोलच्या पिकअपमधून पाठवतोय, कारण फोन तुम्ही कापता. मागच्या वेळी मी शिव्या दिल्या हे खरं. आज देणार नाही, निदान पहिल्या पानावर तरी नाही.

द्राक्षवाल्यांच्या अभ्याससहलीत मी जपानला गेलो तो द्राक्षं बघायला नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, पल्लवीनं नर्सिंग पूर्ण केलं आणि ती तिकडे कोफूला वृद्धाश्रमात लागली. लग्नाचं मला तिला समोरासमोर विचारायचं होतं. निघताना तुम्ही (अमेरिकेत दीड महिना राहिलेला आपल्या घराण्यातला एकमेव माणूस) बजावलंत, "धन्या, परदेशात टिप दिल्याशिवाय जागचं हलायचं नाही. भिकारडा समजतात." मी ते गाठीला बांधलं. बसच्या ड्रायव्हरला दिली, त्यानं दोन्ही हात हलवले. हॉटेलात टेबलावर ठेवली, तर वाढणारी मुलगी पैसे घेऊन सिग्नलपर्यंत धावत आली. मला वाटलं कमी पडली, मी आणखी घातली. (रडकुंडीला येऊन तिनं सगळीच परत केली.) आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पाहुणा लेकराच्या हातात नोट ठेवतो, आई "नको हो, कशाला" म्हणते, पाहुणा "राहू द्या" म्हणत कोंबतो आणि आई ती नोट पदराला बांधते. नको म्हणणं ही रीत आणि कोंबणं हीसुद्धा रीतच. मी रीतीनं वागलो, एवढाच माझा गुन्हा.

वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाईंनी मला चहा पाजला. आपल्या गावच्या पोरीला सांभाळतात, म्हणून निघताना मी पाकीट पुढे केलं (लग्नातल्या आहेराचं, वर गणपती छापलेला, इथूनच नेलेलं). बाई मागे सरल्या, मी पुढे सरलो. त्या कपाटाला टेकल्या. पल्लवी ओरडली, "धनराज, नको, अरे नको ना!" मला वाटलं, तीही रीत पाळतेय. पाकीट बाईंच्या एप्रनच्या खिशात कोंबून मी दाराशी पोचलोसुद्धा.

दादा, पल्लवीचा करार वाढवायचा की नाही, ते त्याच आठवड्यात ठरायचं होतं. अशा वेळी दिलेल्या पाकिटाला तिकडे लाच म्हणतात (इकडेही म्हणतात, पण घेऊन झाल्यावर). बाई वाईट नाहीत, पण त्यांना वर कळवावंच लागलं. पल्लवीनं सगळ्यांपुढे वाकून माफी मागितली. मी शेजारी मारुतीसारखा उभा. बसस्टॉपवर मी तरीही लग्नाचं विचारलंच. ती म्हणाली, "फोनवर किती वेळा नाही म्हटलं? तुला नको म्हटलेलं कळतच नाही का रे?" बस आली, मी चढलो. मागे वळून पाहिलं तर ती आत कामाला निघून गेली होती.

राग तुमच्यावर आहेच. वहिनींना नमस्कार.

तुमचा
धनराज

ता. क. : पल्लवीला पाठवणाऱ्या नाशिक रोडच्या एजन्सीकडे जपानहून खुलासा मागितलाय, तोवर करार अडकलाय. सोमवारी तिथे जा आणि सांगा की सल्ला तुमचा, आगाऊपणा माझा, पोरीचा काही संबंध नाही. माझं ते ऐकत नाहीत (काल मी त्यांचं टेबल आपटलं). तुमचं नाव मी देऊन आलोय.

आणखी एक ता. क. : करार वाढला तर ती आणखी तीन वर्षं तिकडेच. नाही वाढला तर पुढच्या महिन्यात घरी, इथे, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. तेव्हा सोमवारी तुम्हाला काही काम निघालं, तर मी रागावणार नाही.

शेवटचा ता. क. : वरचं वाचलंच नाही असं समजा. जा, दादा. ऑफिस उघडायच्या आधीच जाऊन उभे राहा.