बँकेतली माझी सही

अहो,

तुम्ही लेकीकडे परदेशी पुढे गेलात आणि दोघांचं खातं बंद करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आज बँकेतली मुलगी म्हणाली, “काकू, सही जुळत नाही.”

“अगं, माझीच आहे!”

तिने सहीच्या नमुन्याचं जुनं कार्ड दाखवलं. माझ्या नावाची ती ऐटबाज सही तुमच्या हातची होती. ‘तुला कशाला त्रास’ म्हणत इतकी वर्षं तुम्हीच करत होतात ना?

मग मी तुमच्यासारखी गिरवली. तिसऱ्या खेपेला जुळली. ती खूश, मी मात्र बावचळलेली. आता व्हिसाच्या कागदांवर कोणती करू?

हे पत्रही तिथेच अडलंय. खाली सही केली, ती तुमच्याच वळणाची उमटली. खोडली. माझी कशी होती, आठवेना.

तुमची,