सातव्या काकांचा आवाज

हुंग-होम, १२ मार्च २००२

चि. सौ. युएत-हा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सिडनीत उन्हाळा सरला म्हणतेस, म्हणजे आता तुझ्या गुडघ्यांचं रडगाणं सुरू होईल. मी ठणठणीत आहे. घशातल्या भोकावर रुमाल बांधून रोज सकाळी चहाघरात जातो आणि पाटीवर लिहून कोळंबीचे वाफवलेले हा-गाऊ मागवतो. तिथला वेटर आह-फुक मुद्दाम विचारतो, की काका आज इतके गप्प का, काकूंनी घराबाहेर काढलं का. लोक त्याच्यावर डोळे वटारतात. मला मात्र तो एकटाच बरा वाटतो.

बातमी अशी, की आपला जुना सिनेमा ‘रक्ताळलेला धक्का’ डीव्हीडीवर येतोय! कंपनीच्या पून बाई म्हणून आहेत, त्यांनी आमच्या लेकीला, वाइ-यानला फोन केला. चित्र धुऊनपुसून लख्ख केलंय, पण आवाजाची रिळं गोदामाच्या दमटपणात सडली. डबे उघडले तर व्हिनेगरचा वास. म्हणून सगळं डबिंग नव्यानं करतायत आणि जुना माणूस म्हणून मला मानानं ऐकायला बसवलं. त्यातल्या गुंडाला, माझ्या सातव्या काकांना, आता आवाज देणारा गृहस्थ सज्जन आहे, पण खंडणी अशी मागतो की जणू हवामानाचा अंदाज सांगतोय. मी टेबलावर दोनदा हात आपटला. त्याला वाटलं मी दाद दिली.

पडद्यावरचा नट तैवानचा होता, आठवतं ना? त्याला आपली कँटोनीज भाषा ओ की ठो कळत नव्हती. कॅमेऱ्यासमोर तो नुसते आकडे म्हणायचा, आणि त्या हलत्या ओठांवर मी धमक्या बसवायचो. जन्मभर मी दारुडे, म्हाताऱ्या, एकदा तर कुत्रासुद्धा बोललो, आणि प्रत्येकासाठी आवाज बदलला. फक्त सातव्या काकांना घरातला, रोजचा आवाज दिला. खरा गुंड कधी ओरडत नाही, असं दिग्दर्शकाचं म्हणणं होतं.

खरं सांगतो, काम गेलं त्याचं मला दुःख नाही. पण वाइ-यानची मुलगी जन्मली त्याच्या आदल्याच महिन्यात ऑपरेशनात माझा घसा कापला आणि आवाज गेला. याउ-याउ आता तीन वर्षांची होईल. तिला माझ्या टाळ्या कळतात, चुटक्या कळतात. आजोबांचा आवाज तिनं कधी ऐकलेला नाही. लोकांसाठी बोलण्यात जन्म गेला आणि घरी माझी साधी एक टेपही नाही. तिनं एकदा तरी तो ऐकावा, एवढीच इच्छा आहे. तुझ्या व्हिडिओच्या दुकानात या सिनेमाची जुनी कॅसेट होती ना? गॅरेजमध्ये बघशील?

यजमानांना नमस्कार. या मुक्या भावावर माया आहेच, ती आटू देऊ नये.

तुझा दादा,
मान बाक-चुन

---

सिडनी, २ एप्रिल २००२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे मनात होतं तर इतके दिवस गप्प का बसलास? घसा कापला, हात तर कापला नव्हता! ह्यांना शिडीवर चढवून गॅरेजमधली खोकी काढली. निम्म्या कॅसेटींवर बुरशी, एकीत उंदराचं बाळंतपण झालेलं. पण ‘रक्ताळलेला धक्का’ मिळाला, अगदी लाल ठिपक्यासकट. दुकानात कँटोनीजला लाल आणि मँडरिनला हिरवा ठिपका लावायचो, म्हणजे तैवानची गिऱ्हाइकं चुकीची कॅसेट नेऊन भांडायला परत यायची नाहीत.

लावून बघायला आता मशीन नाही, म्हणून तशीच पाठवतेय. वहिनी आणि वाइ-यानला आठवण. याउ-याउचा पापा घे. धाकटीवर लोभ राहू दे आणि पुढच्या वेळी लवकर तोंड उघड. म्हणजे पेन उघड.

तुझी,
युएत-हा

---

हुंग-होम, १९ एप्रिल २००२

चि. सौ. युएत-हा हिस,
अ. उ. आ.

कॅसेट आली. मी बढाई मारून वाइ-यानच्या सासूसासऱ्यांनाही बोलावलं. भाजलेलं डुकराचं मांस आणलं, याउ-याउला पुढ्यात बसवलं. सातव्या काकांनी तोंड उघडलं आणि कुणी परका माणूस नाकातून मँडरिन बोलू लागला! व्याही सभ्यपणे म्हणाले, की तुमचा आवाज त्या काळी बराच वेगळा होता. माझी बायको हसून हसून उठून गेली.

मीही हसलो. रात्री मात्र फार वाईट वाटलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. माझा जुना आवाज मिळाला तर तो डीव्हीडीवर घालायला पून बाई तयार आहेत, पण मेअखेरीपर्यंतच थांबू शकतात. नसेल तर नसेल. मनाला लावून घेऊ नकोस.

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या ठिपक्यांनाही.

दादा

---

सिडनी, २७ एप्रिल २००२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या. ते ठिपके मी ह्यांच्याकडून लावून घ्यायचे, आणि ह्यांना लाल-हिरवं वेगळं दिसत नाही हे इतक्या वर्षांच्या संसारात मला परवा कळलं!

मग आठवलं, की दुकान बंद करताना खरी, कँटोनीज कॅसेट भाजलेली बदकं विकणाऱ्या केउंगनं मागून नेली होती. गेले त्याच्याकडे. गल्ल्यावरच्या टीव्हीवर तोच सिनेमा चालू! सातवे काका धमकी देतात त्या ठेक्यावर हा बदकं तोडतो. तो आवाज माझ्या भावाचा आहे म्हटल्यावर त्यानं सुरा खाली ठेवला आणि म्हणाला, की मावशी, सकाळी सकाळी चेष्टा नको, आवाज त्या नटाचाच आहे, साऱ्या जगाला ठाऊक आहे.

तेव्हा मी त्याला खोकल्याची गोष्ट सांगितली. स्मशानाच्या प्रसंगात काका खोकतात ना, तेव्हा स्टुडिओत तुझ्या घशात खारवलेला आलुबुखारा अडकला होता आणि दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं. केउंगनं कपाळावर हात मारला. म्हणाला, की तरीच तो तोंड मिटून खोकतो, मला वाटायचं मोठ्या गुंडांची तशी पद्धत असेल! मग तुझ्या घशाचं कळलं तशी त्यानं स्वतःच कॅसेट काढली, बदकाच्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि टीव्ही बंद केला. बिचाऱ्याचे डोळे भरून आले होते. नवी तबकडी निघाली की एक त्याला धाड.

या वेळी त्याच्याच दुकानात कान लावून खात्री केली आहे. तुझा आवाज ऐकून मलाही रडू आलं, दादा. कागदाला तेलाचा वास येईल, त्याला इलाज नाही. तुझ्या लोभाची भुकेली,

युएत-हा

---

हुंग-होम, ३० जून २००२

चि. सौ. युएत-हा हिस,
अ. उ. आ.

कॅसेट वेळेत पोचली. आवाजात थोडी खरखर आहे, पण सगळा शाबूत. पून बाईंनी तबकडीवर दोन्ही आवाज ठेवले, माझा आणि त्या सज्जन गृहस्थाचा. त्याला काढू नका म्हणून मीच पाटीवर लिहून दिलं होतं. त्यानंही मेहनत केली होती.

काल घरी लावली. या खेपेला व्याह्यांना बोलावलं नाही. पहिल्याच प्रसंगात सातवे काका सूप पिता पिता गद्दाराला हळूच विचारतात, की तू पोहत घरी जाणार की बुडत. माझा आवाज खोलीभर झाला. वाइ-यान पहिल्या शब्दालाच रडली, बायकोनं तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावला. मी मात्र याउ-याउकडे बघत होतो. वाटलं, आता ती टीव्हीकडे बघेल, मग माझ्याकडे बघेल, मग टाळ्या पिटेल.

तिच्या हातातला चमचा पडला. चेहरा कावराबावरा झाला आणि ती धूम पळाली. आईला ओलांडून, आजीला ओलांडून थेट माझ्या मांडीवर चढली आणि माझ्या सदऱ्यात तोंड खुपसून म्हणाली, की आजोबा, त्या वाईट माणसाला घालवा. वाइ-याननं डोळे पुसत सांगितलं, की अगं, ते आजोबाच बोलतायत. तर आईलाच तिनं खोटारडी ठरवलं. आजोबा असं बोलतच नाहीत, म्हणाली.

मी रिमोट घेतला आणि सातव्या काकांना माझ्या हातानं गप्प केलं. तिची पाठ थोपटत राहिलो, तशी ती तिथंच झोपली. युएत-हा, ज्या आवाजासाठी मी तीन वर्षं झुरलो, त्याला भिऊन पोर माझ्याच कुशीत आली. आता मला त्याची हळहळ उरली नाही.

केउंगची तबकडी वेगळी धाडली आहे. यजमानांना नमस्कार, तुला पोटभर आशीर्वाद. असाच जीव लावत राहा.

तुझा दादा,
मान बाक-चुन