पुस्तकांची भिशी

आर्वी,
३० ऑगस्ट २००४

चि. सौ. देवकास,
ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? फोन करणार होते, पण फोन ठेवलाय बैठकीत आणि सूनबाईचे कान स्वयंपाकघरातूनही बैठकीतच असतात. म्हणून पत्र.

मी पुस्तकांच्या भिशीत आहे, हे तुला सांगितलंच होतं. आम्ही बाराजणी. पाडव्याला प्रत्येकीनं सगळ्यांसमोर आपला वर्षाचा नेम बोलून दाखवला. छाया म्हणाली, लुना शिकणार. एकीनं वजन कमी करायचं ठरवलं, आणि तिथेच तिसरी करंजी उचलली. मी म्हटलं, वर्षभरात सहा पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत वाचणार, आणि त्यातलं एक सगळ्यांना नीट सांगणार. पन्नाशीला आलेल्या किराणा दुकानवालीनं हे म्हटल्यावर दोघीतिघी हसल्या. हसू दे.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी डब्यातून चिठ्ठी निघते. जिचं नाव निघेल तिच्या घरी पुढची बैठक. ती पुस्तक सांगणार, बाकीच्या ऐकणार आणि फराळ करणार. निघालेलं नाव डब्यातून बाद. मी एका बाईच्या डोंगरातल्या प्रवासाचं जाडजूड पुस्तक तयार केलंय. गोदामात तुरीच्या पोत्यांसमोर उभी राहून मोठ्यानं सांगून पाहते. परवा पियुष मागे येऊन उभा. "आई, कोनाशी बोलून राह्यली वं?" म्हटलं, गिऱ्हाइकाशी.

पण माझं नाव काही निघत नाही. नशीब म्हणून सोडून दिलं असतं, पण मी गल्ल्यावर बसलेली बाई आहे. समोरचा काट्याला बोट कधी लावतो ते मला कळतं. चिठ्ठी रुख्मिणी काढते. आपल्या मागच्या गल्लीतली, रूपरावांची. काढायच्या आधी ती एकदा माझ्याकडे बघते. दुसऱ्या कुणाकडे बघत नाही. परवा मी आत गेले तशा सगळ्या एकदम गप्प झाल्या, आणि मग छाया पावसाबद्दल बोलायला लागली. ऊन होतं बाहेर!

माझ्या मनाचे खेळ असतील. नसतीलही.

प्रेरणाला आशीर्वाद. तिला म्हणावं, वजन उचलू नको.
तुझी ताई


आर्वी,
१ नोव्हेंबर २००४

चि. सौ. देवकास,
अनेक आशीर्वाद. प्रेरणाच्या डोहाळजेवणाचे फोटो मिळाले. हिरव्या साडीत पोर साजरी दिसते. रस्ता खराब आहे म्हणून मला त्रास दिला नाहीस असं लिहिलंस. बरं केलंस.

आता ऐक. चोर सापडला.

चिठ्ठीवर जिनं तिनं आपलं नाव आपल्या हातानं लिहिलंय. बाकीच्यांनी कागदाच्या साध्या घड्या घातल्या. माझ्या हाताला दुकानाची सवय, कागद हाती आला की पुडीच होते. त्या डब्यात तशी त्रिकोणी पुडी एकच आहे, माझी. मला आधी सुचलं नव्हतं. परवाच्या शनिवारी मुद्दाम पुढे जाऊन बसले, डोळे डब्यावर. रुख्मिणीनं हात घातला आणि बाहेर आली ती पुडी. पुस्तकाचं पहिलं वाक्यसुद्धा मनात म्हणून झालं. तिनं ती पुडी उघडलीच नाही. मुठीत दाबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छाया."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय करू?

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. पंचवीस वर्षांचा शेजार. हे गेले तेव्हा पहिला चहा तिनंच आणून दिला होता. मग माझं एवढं काय वाईट वाटतं तिला? मी चांगलं सांगीन, हे सलत असेल. भिशी तिनं काढली ना, शहाणपण तिचंच दिसायला हवं. की माझ्या घरात काही कमी दिसतं तिला?

तुला खरं सांगते, पुस्तक हे निमित्त आहे. हे गेल्यापासून आपल्या घरात बाया आल्या त्या बसायला आल्या. पदर डोळ्याला लावून आल्या, पाणी न पिता गेल्या. दीड वर्षात या घरात चारजणी मिळून हसल्या नाहीत. मला ते हवंय. माझ्या बैठकीत चपलांचा ढीग पडावा आणि चिवडा कमी पडावा, एवढंच.

रुख्मिणीला विचारणार आहे. दिवाळी होऊ दे, सणाच्या तोंडावर वाईटपणा नको.
तुझी ताई


आर्वी,
२७ डिसेंबर २००४

चि. सौ. देवकास,
आशीर्वाद.

रुख्मिणीला विचारलं. अंगणात तूर निवडत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, माझी पुडी तुझ्या मुठीत होती, मी पाहिली. वाटलं होतं, नाही म्हणेल, रडेल. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "हो. तुमचं नाव दोन डाव निघालं. दोन्ही डाव मी दुसरंच वाचलं."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? वाचलं असतं तं चार बाया आल्या असत्या. बाकीच्याइचं कोनाचं डोकं दुखलं असतं, कोनाकडं पाहुने आले असते. आपल्या बैठकीत घरची बाई सगळ्याइले कुंकू लावते, मंग पुस्तक. तुमच्या घरी कुंकू कोन लावन, याच्यावरच अडून बसल्या. तुमी फराळ मांडून दाराकडं पाहत राह्यल्या असत्या. मले नसतं पाहवलं, बाई. म्हनून एकेकीच्या घरी जाऊन समजावून राह्यली मी. अर्ध्या झाल्या तयार. बाकीच्या झाल्या की वाचते तुमचं नाव."

मी तिथेच ओट्यावर बसले. जिला चोर म्हणत होते ती माझ्यासाठी दारोदार फिरत होती. आभार मानायला हवे होते, पण माझा संताप झाला. म्हटलं, माझ्या घरी यायला लोकांना राजी करावं लागतं, आणि ते मलाच ठाऊक नाही! ती म्हणाली, "रागवा. पन बसा, चहा ठेवते." रागानंच प्यायले.

मग परवाची बैठक. रुख्मिणीनं डबा पुढे घेतला तशी मी उभी राहिले. म्हटलं, चिठ्ठी राहू दे. पुढची बैठक माझ्याकडे. संक्रांतीचा महिना आहे, मला ठाऊक आहे. हळदी-कुंकवाचं ताट मांडून ठेवीन, तुम्ही एकमेकींना लावा. वाण मी वाटीन आणि पुस्तक मी सांगीन. जिला यायचं नसेल तिनं आत्ता सांगा, मागाहून डोकं दुखल्याचा निरोप नको.

मग छाया म्हणाली, "मी नाई येत, सुमित्राबाई. आमच्या सासूबाईले चालत नाई. मले त्याइच्याच घरात राहाचं आहे." खरं सांगते, त्या क्षणी मला सगळ्यांत जास्त तीच आवडली. तोंडावर बोलली. मी म्हटलं, तुझा फराळ पाठवून देईन. मागून कुणीतरी विचारलं, "चिवडा मुरमुऱ्याचा का पोह्याचा?" आणि सगळ्या हसल्या. तेवढ्यावर किती येतील, सांगता येत नाही. हसणं आणि येणं वेगळं.

आता तुझं.

प्रेरणाचं डोहाळजेवण झालं त्याच आठवड्यात पियुष पुलगावला माल आणायला गेला होता. तुझ्या गावाला येतो त्याच रस्त्यानं. मी आल्या आल्या विचारलं, रस्ता कसा आहे रे? म्हणाला, "एकदम मस्त, आई. नवं डांबर." मी पुढे काही विचारलं नाही. तुलाही विचारलं नाही. जगाच्या मुठी तपासत बसले, आणि तुझ्या पत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवला. ठेवला कसला, ठेवायचा होता.

प्रेरणा झाली तेव्हा तू तापानं फणफणली होतीस. तिला महिनाभर मी न्हाऊमाखू घातलं. तिची ओटी माझ्या हातानं भरली गेली असती तर काय झालं असतं, देवका? तुझ्या मनात आलं ते मला लिहायचं होतंस. मी रडले असते, चार दिवस बोलले नसते. पण छायाला जे जमलं ते माझ्या बहिणीला जमलं नाही, याचं मला फार लागलं. भिशीतल्या बाया न आल्याचं एवढं लागणार नाही.

२९ जानेवारी, शनिवार, दुपारी तीन वाजता. मी उभी राहून पुस्तक सांगणार आहे. तू समोर बसावीस असं मला वाटतं. यायचं नसेल तर जे असेल ते खरं लिही. रस्त्याचं लिहू नको.

प्रेरणाचे दिवस भरत आलेत. तिला माझा आशीर्वाद सांग. तो तरी चालतो ना?

तुझी सख्खी बहीण,
सुमित्रा