पेरूंचा वास घेऊन ठेवलाय

अब्बा,

आज शाळेत करोनाची लस देणार आहेत आणि मी घेणार आहे. "सुईनं पोरीला काही झालं तर?" म्हणून तुम्ही नको म्हणालात, तरी जातेय. लाईनीत पहिली मीच उभी राहणार! ताप आला तर शेजारी हमीदाखाला आहेत. लई काळजी करू नका.

गाड्यावरच्या पेरूंचा वास मी घेऊन ठेवलाय. उजवीकडचे आजच विका, डावीकडचे उद्याही चालतील. गिऱ्हाईकासमोर नेहमीसारखं नाकाला लावून दाखवा. करोनापासून तुम्हाला वास येत नाही, हे बाजारात कुणाला कळायला नको.

दूध मी आल्यावर तापवीन. परवा करपलेलं तुम्हाला कळलंच नाही.

खालांनी अम्मीची हिरवी ओढणी धुवायला मागितली होती, मी दिली नाही. अम्मी गेल्यापासून तुम्ही ती रोज नाकाशी धरता आणि मला विचारता, "अजून येतो का गं तिचा वास?"

येतो, अब्बा. पण उद्या माझंही नाक गेलं, तर तुम्ही कुणाला विचारणार? म्हणून जातेय.

भाकरी टोपल्यात झाकून ठेवलीय.

शाहिस्ता