आधी सही, मग मजकूर

सोमवार, ४ मार्च

‘मघाशी’ म्हणजे कधी? डोकं खाजवून दमले.

गोदामाच्या आगीतल्या पहारेकऱ्याची चौकशी आज टाइप करायला घेतली. व्हिडिओ रेकॉर्डिंग तीन वाजून दोन मिनिटांनी सुरू होतं. इन्स्पेक्टर मॅडम नाव विचारतात, घरी कोण कोण, वकील हवाय का — सगळं नियमाप्रमाणे. चौथ्या मिनिटाला तो म्हणतो, ‘‘मघाशी तुम्ही सांगितलंत तसं, शेगडी मीच विझवली नाही.’’

पण तोवर मॅडमनी शेगडीचं नावसुद्धा काढलेलं नाही! तीनदा मागे नेऊन ऐकलं. आणि टेबलावर चहाचे तीन रिकामे कप. पहिल्या सेकंदापासून रिकामे.

जसंच्या तसं उतरवलं. तेच तर माझं काम. खोकला, हुंदका, ‘(शांतता, नऊ सेकंद)’ — सगळं. हवालदारकाका म्हणतात, ‘‘हिच्यासमोर शिंकू नका रे, कोर्टात जाईल!’’

मंगळवार, ५ मार्च

मॅडमना विचारणार होते. धीर झाला नाही.

मला निवडलं त्यांनीच. ‘‘घरातली पहिली पदवी? मग तुला शब्दाची किंमत कळत असणार.’’ बाबांनी हे वाक्य कामावरच्या प्रत्येक गवंड्याला ऐकवलंय. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी खोलीतला कॅमेरा दाखवला होता — ‘‘माणूस आत आला की हा सुरू. बाहेर गेला की बंद. मध्ये कुणाची दादागिरी नाही.’’ त्या दिवशीचं पान उलटून बघितलं. या वाक्याखाली मी दोन रेघा ओढल्यात.

बुधवार, ६ मार्च

ठाण्याच्या फाटकावरची वही बघितली. पहारेकरी चौकशीच्या खोलीत: एक वाजून पन्नास मिनिटे. फोटो काढला. का काढला, कोण जाणे.

रेकॉर्डिंगच्या आधी एक तास बारा मिनिटं.

गुरुवार, ७ मार्च

विचारलं.

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘अगं, घाबरलेला होता. जरा बसवलं, चहा पाजला, गोष्ट नीट लावून दिली. नाहीतर कॅमेऱ्यासमोर ततपप केलं असतं.’’

गोष्ट लावून दिली!

‘‘कुणी हात लावला का त्याला? नाही ना? मग?’’

‘‘पण नियम —’’

‘‘नियम आता तू मला शिकवणार? ते ‘मघाशी तुम्ही सांगितलंत तसं’ मी काढून टाकलंय. प्रत कालच कोर्टात गेली.’’

‘‘माझ्या सहीशिवाय कशी गेली?’’

त्यांनी खण उघडला. माझे सही केलेले कागद! जानेवारीत आईला दवाखान्यात न्यायचं होतं, दोन दिवसांची रजा हवी होती. ‘‘जा गं खुशाल. दहा-बारा कोऱ्या प्रमाणपत्रांवर सही करून ठेव, काम अडायला नको.’’ किती आपलेपणा वाटला होता तेव्हा! ‘सोबतचा मजकूर मी रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः उतरवला आहे.’ खाली माझं नाव. पूर्ण. ठसठशीत.

शुक्रवार, ८ मार्च

हवालदारकाकांनी जिन्यात गाठलं. ‘‘पोरी, कशाला जीव जाळतेस? व्हिडिओ बघतंय कोण? सगळे कागद वाचतात. तुझ्या आधीची मुलगी कोऱ्या कागदावर सही करेना, म्हणून तर जागा रिकामी झाली.’’

म्हणजे पदवी नाही. शब्दाची किंमत नाही. मी विश्वास ठेवीन, एवढंच मॅडमनी ओळखलं. बरोबर ओळखलं.

शनिवार, ९ मार्च

घरी सांगितलं. बाबा म्हणजे अगदी मॅडमचे वकील! ‘‘एवढ्या मोठ्या बाई, तुला हाताला धरून आणलं, आणि तू त्यांच्यावर उलटणार? चार बुकं शिकलीस म्हणून?’’

चार बुकं. आजवर ती ‘माझ्या लेकीची पदवी’ होती.

आईने एवढंच विचारलं, ‘‘तो माणूस आता कुठेय?’’

‘‘कोठडीत.’’

‘‘मुलंबाळं?’’

‘‘दोन.’’ मीच टाइप केलंय.

रविवार, १० मार्च

(शांतता, दिवसभर.)

सोमवार, ११ मार्च

सकाळी रजा टाकली आणि पहारेकऱ्याच्या वकीलबाईंना भेटले. माझी मूळ प्रत दिली. वहीचा फोटो दिला. मग कोर्टात जाऊन अर्ज दिला — माझ्या सह्या कोऱ्या कागदांवर घेतल्या गेल्या, आणि मी त्या दिल्या. दुसरा अर्धा भाग वकीलबाई गाळा म्हणत होत्या. गाळला नाही.

कारकुनाने बोट ठेवलं. ‘‘इथे सही करा, बाई. मागे रांग आहे.’’

‘‘थांबा, आधी वाचते.’’

उभ्याउभ्या तिन्ही पानं वाचली. मग केली.