अडीच लाख चावे आणि एक न झिजलेलं रेझिन

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझं गुडघ्याचं दुखणं आता जिन्यापुरतंच उरलं असेल आणि काकांचं घोरणं शेजाऱ्यांपर्यंत पोचत नसेल, अशी आशा आहे. मी मजेत आहे. म्हणजे आज आहे. मंगळवारी नव्हतो.

तुला माहीतच आहे, मी प्रयोगशाळेत दात भरायच्या रेझिनची झीज मोजतो. (तू सगळ्यांना मी दातांचा डॉक्टर आहे असं सांगतेस, ते कृपया थांबव, परवा एका गृहस्थांनी मला जिन्यात अडवून तोंड उघडून दाखवलं.) आमच्याकडे चावायचं यंत्र आहे. पाण्यातल्या रेझिनच्या चकतीवर ते एक टणक गोळी दाबतं, घासतं, उचलतं. दोन दिवसांत अडीच लाख चावे, आणि तेही तोंडातून शब्द न काढता, जे आपल्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. सोमवारी आमचं नवं रेझिन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर झीज शून्य! शेजारच्या जुन्या रेझिनला चांगला खड्डा, आणि याला साधा ओरखडा नाही. मी ही बातमी आमच्या प्रमुख बाईंपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितली. बाईंनी दुसऱ्याच दिवशी वीस दंतवैद्य बोलावले. सभेआधी सहज म्हणून यंत्र फिरवून पाहिलं. नव्या रेझिनवरची गोळी धरणारा दांडा चकतीच्या केसभर वरच थांबत होता. त्याचा स्क्रू मीच आवळायला विसरलो होतो. बिचाऱ्याने अडीच लाख वेळा नुसतं पाणी चावलं होतं.

गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. पण हे रेझिन उद्या कुणाच्या तरी दाढेत जाणार होतं. सभेत उभा राहिलो आणि वीसच्या वीस दंतवैद्यांसमोर सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "स्क्रू आवळा आणि पुन्हा लावा. मी इथेच बसते."

आज निकाल आला. झीज झाली, पण जुन्याच्या निम्मी. तीनदा मोजलेली, खरीखुरी निम्मी! त्या शून्यापेक्षा मला हीच जास्त आवडली. बाईंनी पाठीवर अशी थाप मारली, की अजून हुळहुळतंय.

तुझा भाचा

ता. क. आता माणसांच्या दाढांत चाचणी करायची आहे, रीतसर परवानगी आधीच घेतलेली आहे. जोरात चावणारी माणसं हवी आहेत. तू अजून अक्रोड दातांनीच फोडतेस ना? आणि ती डावी दाढ भरायची राहिलीच आहे.

ता. क. २. तुझी तपासणी पुढच्या गुरुवारी सकाळी दहा वाजता आहे.

ता. क. ३. संमतीपत्रावर सही मात्र तुझीच लागते. मी करून पाहिली होती, बाईंनी ओळखली.